वाकामे उपटून संपेल का? थंड समुद्रातल्या खडकांवरच्या परक्या शेवाळाबद्दल

प्रश्न असा आहे: मेलबर्नला पोर्ट फिलिप उपसागरात डायव्हिंग करणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट आहे. दर हिवाळ्यात तिथल्या खडकांवर उंडारिया पिनाटिफिडा, म्हणजे जपानी जेवणातलं ‘वाकामे’, दाट उगवतं. गट दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी ते उपटून काढतोय, तरी तिसऱ्या वर्षी तेवढंच आलं. हे शेवाळ स्थानिक केल्पला, म्हणजे तिथल्या मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाला, मारतंय का? उपटण्यात काही अर्थ आहे का? असेल तर ते कसं उपटायचं? आणि जाता जाता, हे आपल्या कोकणात येऊ शकतं का?

आधी थोडक्यात सांगतो. पोर्ट फिलिपमधून उंडारिया आता जाणार नाही. ते तिथे 1996 साली सापडलं आणि तेव्हापासून पक्कं बसलं आहे. तुमच्या खडकावर मात्र त्याचं प्रमाण नक्की कमी करता येतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: देठाच्या बुडाची, बीजाणू तयार करणारी झालर पिकायच्या आत ते काढणं, आणि त्या जागी स्थानिक केल्पच्या पानांची दाट छत्री परत उभी राहील अशी व्यवस्था करणं. पहिली गोष्ट बरेच जण करतात. दुसरी राहून जाते, आणि म्हणून तिसऱ्या वर्षी तेवढंच दिसतं.

ओळखीपासून सुरुवात करतो, कारण स्वयंसेवकांच्या पिशव्यांत स्थानिक केल्पची पोरं नेहमी सापडतात. तिथलं मुख्य स्थानिक केल्प एक्लोनिया रेडिएटा. त्याचं पान जाड, चामड्यासारखं, देठ गोल आणि भरीव, आणि पानाच्या मधोमध शीर नसते. उंडारियाचं पान पातळ असतं, चिमटीत धरून ओढलं की सहज फाटतं, रंग सोनेरी तपकिरी. देठ चपटा असतो आणि तो पुढे पानातून टोकापर्यंत ठळक शिरेसारखा जातो. पान उजेडाकडे धरलं तर टाचणीच्या डोक्याएवढे फिकट ठिपके दिसतात. पूर्ण वाढलेलं झाड एक ते तीन मीटर होतं आणि त्याच्या देठाच्या बुडाशी, खडकाला धरून ठेवणाऱ्या मुळासारख्या पकडीच्या जरा वर, दोन्ही बाजूंनी चुण्या पडलेली जाड झालर असते. बीजाणू या झालरीत तयार होतात, त्यामुळे नियंत्रणाच्या दृष्टीने झाडाचा महत्त्वाचा भाग हाच. अडचण लहान रोपांची आहे. बोटभर लांबीचं उंडारिया अखंड, बिनकातरलेलं पान असतं, मधली शीर जेमतेम उमटलेली, आणि ते एक्लोनियाच्या रोपासारखंच दिसतं. नियम साधा ठेवा: शीर स्पष्ट दिसत नसेल तर हात लावू नका. चार आठवड्यांनी परत जाणारच आहात, तोवर ते स्वतःची ओळख दाखवेल.

आता ते परत का येतं ते पाहू. उंडारियाच्या दोन पिढ्या असतात. डोळ्यांना दिसते ती एक. ती काही महिन्यांची, हिवाळ्यात उगवते, वसंतात भरते आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की झडून जाते. पोर्ट फिलिप दक्षिण गोलार्धात, ऋतू आपल्या उलट, म्हणून तिथे याचा अर्थ साधारण मे-जूनला पहिली रोपं, सप्टेंबर ते नोव्हेंबर भर, आणि जानेवारीपर्यंत फक्त फाटके देठ. झालरीतून सुटलेले बीजाणू, एका झाडाचे कोट्यवधी, पोहत पोहत जवळच्याच पृष्ठभागावर बसतात आणि त्यातून दुसरी पिढी तयार होते, ती म्हणजे गॅमेटोफाइट. हे काही पेशींचे तंतू असतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. खडकाच्या भेगेत, शिंपल्याच्या पाठीवर, दोराच्या पिळात ते चिकटून राहतात. मोठं झाड ज्या उन्हाळी पाण्यात टिकत नाही त्यात ते तग धरतात, अंधारातही थांबतात, आणि पाणी गार होऊन उजेड मिळाला की नर-मादी पेशी तयार करून नवी रोपं उगवतात. म्हणजे फेब्रुवारीत खडक स्वच्छ दिसला तरी तिथे पुढच्या हंगामाचं बियाणं पडलेलं असतं.

हे बियाणं किती काळ टिकतं याचा चांगला दाखला टास्मानियातला आहे. होबार्टच्या दक्षिणेला टिंडरबॉक्स सागरी राखीव क्षेत्रात 1997 पासून अडीच वर्षं, 800 चौरस मीटरच्या तुकड्यातून दर महिन्याला दिसेल ते प्रत्येक उंडारिया काढलं गेलं. झाडांची संख्या स्पष्ट घटली. पण काही ठराविक जागी ती उगवतच राहिली, अडीच वर्षांनंतरही. सराईत डायव्हर, दर महिन्याची शिस्त आणि मर्यादित क्षेत्र असूनही हे घडलं. तेव्हा दोन वर्षांच्या सुट्टीच्या दिवसांत तुमचा खडक मोकळा झाला नाही, यात तुमच्या मेहनतीचा दोष नाही.

महिन्याचं अंतर का? अनुकूल पाण्यात डोळ्यांना दिसू लागलेल्या रोपाची झालर पिकायला साधारण 40 ते 60 दिवस लागतात. चार आठवड्यांनी गेलात तर मागच्या वेळी नजरेतून सुटलेलं रोपही बीजाणू सोडायच्या आत हाती लागतं. सहा-आठ आठवड्यांचं अंतर पडलं की बियाण्याचा साठा पुन्हा भरतो आणि आधीची मेहनत वाया जाते. गाजरगवत फुलायच्या आत उपटलं तरच उपयोग, हे शेतात राबलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इथेही हिशोब तोच. बहुतेक गट चुकतात ते इथे. ऑक्टोबरात पाणी जरा बरं झालं, दृश्यता वाढली, झाडं मोठी दिसू लागली की मोहीम काढतात. त्या वेळी निम्म्याअधिक झाडांची झालर पिकलेली असते. ऑक्टोबरात शंभर झाडं काढण्यापेक्षा जूनमध्ये वीस रोपं काढणं जास्त मोलाचं.

पण वेळापत्रक पाळूनही मूळ प्रश्न उरतो: ते इथेच एवढं का उगवतं? उंडारियाबद्दल गेल्या तीसेक वर्षांत जे समजलं त्याचं सार असं, की धडधाकट केल्पच्या छत्रीखाली ते क्वचितच डोकं वर काढतं. ते मोकळ्या जागेवर येतं. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रयोगांत स्थानिक शेवाळांची छत्री मुद्दाम कापली तिथे उंडारिया दाट आलं. शेजारच्या न कापलेल्या तुकड्यांत जवळजवळ आलं नाही. छत्री हिवाळ्याच्या तोंडावर, म्हणजे रोपं उगवायच्या नेमक्या वेळी कापली तेव्हा परिणाम सर्वांत जास्त झाला. आणि पुढच्या हंगामात स्थानिक शेवाळं परत वाढली तसं उंडारिया आपोआप मागे हटलं. माणसाने कापण्याचीही गरज नसते. त्याच किनाऱ्यावर 2001 च्या गरम उन्हाळ्यानंतर फिलोस्पोरा कोमोसा या स्थानिक शेवाळाची पडझड झाली आणि लगेचच्या हंगामात तिथे उंडारिया वाढलं.

न्यूझीलंडमध्ये याचं आणखी ठळक उदाहरण आहे. 2017-18 च्या उन्हाळ्यात तिथे सागरी उष्णतेची लाट आली. क्राइस्टचर्चजवळच्या लिटलटन बंदरातल्या पाइल बे इथे डुर्व्हिलिया, म्हणजे लाटांच्या माऱ्यात उभं राहणारं मजबूत बुल केल्प, पार नाहीसं झालं. मोकळ्या झालेल्या खडकावर नंतर मोठ्या प्रमाणात आलं ते उंडारिया. तिथे जाऊन कोणी फक्त उंडारिया पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं की यानेच बुल केल्प मारलं. क्रम उलटा होता.

हाच धडा दुसऱ्या शेवाळाने कॅनडात दिला. नोव्हा स्कोशियात कोडियम फ्रॅजाइल हे हिरवं, बोटांसारख्या फांद्यांचं परकं शेवाळ केल्पच्या जागी पसरलं. त्याआधी मेम्ब्रानिपोरा नावाचा वसाहती करून राहणारा सूक्ष्म प्राणी आला होता. तो केल्पच्या पानांवर पांढऱ्या जाळीसारखा चढतो, पान ठिसूळ होतं आणि वादळात तुटतं. केल्प गेलं, जागा मोकळी झाली, कोडियम बसलं. कोडियमच्या बाबतीत मात्र एक फरक महत्त्वाचा: एकदा दाट गालिचा झाला की ते केल्पच्या रोपांना खडकच मिळू देत नाही. म्हणजे आत शिरताना ते संधी साधतं, पण बसल्यावर दार लावून घेतं. उंडारिया हंगामी असल्यामुळे दार असं कायमचं लावत नाही. उपाय निवडताना हा फरक धरून चालावं लागतं.

उंडारिया निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अर्जेंटिनात गोल्फो नुएव्हो इथे, जिथे मोठ्या केल्पची स्थानिक छत्री मुळात नव्हती, 1992 मध्ये उंडारिया सापडलं. तिथे त्याने नवी दाट सावली आणली आणि खालच्या लहान स्थानिक शेवाळांची विविधता स्पष्ट घटली. उंडारिया काढल्यावर ती वाढली. म्हणून ‘हे शेवाळ किती वाईट?’ याचं एकच उत्तर नाही. जिथे मोठी छत्री शाबूत आहे तिथे ते जेमतेम पाय रोवतं. जिथे छत्री फाटली आहे तिथे ते भरून येतं. आणि जिथे छत्री कधी नव्हतीच तिथे ते परिसर बदलतं.

दुसरं नुकसान हंगामाचं. एक्लोनिया वर्षानुवर्षं उभं राहतं, बाराही महिने मासे, गोगलगायी, लहान कोळंब्यांना आसरा देतं. उंडारियाची सावली सहा-आठ महिन्यांची. उन्हाळ्यात ते एकदम कुजून पडतं आणि खडक उघडा राहतो. माणसाच्या नजरेला दोन्ही ‘केल्पचं जंगल’ दिसतं, पण त्यात राहणाऱ्यांना वर्षाचा निम्मा काळ छप्पर नसतं.

आता तुमच्या उपसागराकडे येऊ. पोर्ट फिलिपमध्ये, विशेषतः उत्तर भागात, हेलिओसिडॅरिस एरिथ्रोग्रामा या जांभळ्या सी-अर्चिनने, म्हणजे शेवाळ चरणाऱ्या काटेरी गोल सागरी प्राण्याने, मोठे पट्टे चरून उजाड केले आहेत. एक्लोनिया गेलं की खडकावर बारीक, आखूड शेवाळाची चटई पसरते आणि तिच्यात गाळ अडकतो. ही गाळभरली चटई स्थानिक केल्पच्या रोपांना खडकाला चिकटू देत नाही. अशा ठिकाणी उंडारिया कितीही उपटा, अर्चिन कमी केले तरी स्थानिक छत्री आपोआप येईलच असं नाही. टास्मानियात हे दिसून आलं आहे. उंडारियाची रोपं मात्र तिथेही दर हिवाळ्यात येतात. दोन वर्षं उपटूनही तेवढंच आलं, यावरून तुमचा खडक बहुधा याच प्रकारचा असावा असा माझा अंदाज आहे. खात्री करणं सोपं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, उंडारिया गेलेलं असताना, तिथे बुडी मारा. खडकाचा किती भाग एक्लोनिया किंवा इतर मोठ्या स्थानिक शेवाळांनी झाकला आहे, किती गाळाच्या चटईने, आणि चौरस मीटरमागे अर्चिन किती, हे मोजा. अर्ध्या मीटर बाजूची चौकोनी चौकट वीसेक ठिकाणी टाकली तरी चित्र स्पष्ट होतं. ठिकाणं आधी ठरवून टाका. नजरेला ‘चांगली’ वाटेल तिथे चौकट टाकली की आकडे फसवतात.

मोजल्यावर ठरवा. छत्री निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर तिथेच काम करा. अशा जागी उंडारिया फक्त फटींमध्ये असतं, झाडं थोडी असतात, आणि काढलेल्या प्रत्येक झाडाची जागा एक्लोनिया घेऊ शकतं. मधल्या स्थितीत, जिथे तुकड्या-तुकड्यांनी केल्प आहे, तिथे काठावरून आत नाही तर केल्पच्या बेटांपासून बाहेरच्या बाजूला काम सरकवा, म्हणजे स्थानिक बीजाणू जिथे पोहोचतात ती जागा आधी मोकळी होईल. पूर्ण उजाड पट्ट्यावर केवळ उपटण्यात वेळ घालवू नका. तिथे अर्चिन कमी करणं आणि केल्प लावणं हे काम आधी येतं, आणि ते परवानगीने, संशोधकांच्या सोबतीने करायचं काम आहे. लावणीसाठी नॉर्वेत पुढे आलेली एक पद्धत आता अनेक देशांत आजमावली जाते: प्रयोगशाळेत लहान खड्यांवर केल्पची रोपं वाढवतात आणि ते खडे समुद्रात टाकतात. रोप मोठं होताना त्याची पकड खड्यावरून खालच्या खडकावर जाते. जोराच्या लाटा असतील तर खडे वाहून जातात, म्हणून ही पद्धत आडोशाच्या जागी जास्त चालते.

परवानगीचं टाळू नका. हे जाहीर उपद्रवी शेवाळ असल्याने ते गोळा करून नेणं, बाळगणं यावर निर्बंध असतात, आणि सागरी अभयारण्यात तर काहीही काढायला लेखी मंजुरी लागते. हेतू चांगला असला तरी नियम तोच राहतो.

प्रत्यक्ष उपटताना बोटं देठावरून खाली सरकवत पकडीपर्यंत न्या, पकडीच्या कडेखाली नखं घाला आणि हळू फिरवत सोडवा. पकड निघत नसेल तर बोथट, अरुंद पट्टी वापरा. वरून ओढू नका. पान फाटून हातात येतं आणि झालर खडकावर राहते. उंडारियाची वाढ देठ आणि पान जिथे जुळतात तिथून होते. त्याच्या वर तुटलं तर पान पुन्हा वाढतं, आणि त्याच्या खाली तुटलं तरी उरलेली झालर बीजाणू सोडू शकते. नैसर्गिक खडक खरवडू नका. धक्क्याच्या खांबावर खरवडलेलं चालतं, खडकावर नाही, कारण खरवडताना गुलाबी चुनखडी शेवाळ आणि न दिसणारी स्थानिक रोपंही जातात, आणि उंडारियाला हवी असते ती मोकळी जागा तुम्हीच तयार करता. हाच आक्षेप खडकावर क्लोरीन किंवा गरम पाणी वापरण्यालाही आहे.

पिशवीबद्दल नीट वाचा, कारण इथली चूक दिसत नाही. जपानमध्ये वाकामेची शेती करताना झालरी काही वेळ हवेत सुकवतात आणि मग पाण्यात सोडतात. कोरडं पडून पुन्हा भिजलं की झालर एका झटक्यात बीजाणूंचा लोट सोडते, आणि ते लावणीच्या दोरांवर बसतात. आता स्वयंसेवक काय करतात ते पाहा: जाळीची पिशवी भरतात, बोटीवर उन्हात ठेवतात, तासाभराने दुसऱ्या बुडीला तीच अर्धी भरलेली पिशवी घेऊन उतरतात, नाहीतर बोट धुताना पिशवीवर समुद्राचं पाणी मारतात. ती अक्षरशः पेरणी होते. म्हणून बारीक विणीची किंवा बंद होणारी पिशवी घ्या, एकदा पाण्याबाहेर आली की ती परत पाण्यात जाणार नाही हे ठरवा, दुसऱ्या बुडीला रिकामी पिशवी न्या. झाडात झालर दिसली तर ती आधी पिशवीत, पान नंतर. गोळा केलेलं शेवाळ किनाऱ्यापासून आणि पावसाच्या गटारांपासून दूर, कचरा डेपोत किंवा जमिनीत.

दोघांच्या जोडीत, दिसण्याच्या अंतराएवढी जागा ठेवून, तळावर ताणलेल्या फितीच्या दोन्ही बाजूंनी पोहत जा. पाय वर ठेवा. पायातल्या फिनच्या (पोहण्याच्या वल्ह्यांच्या) फटक्यांनी एक्लोनियाची पानं फाटतात आणि गाळ उडून मागच्याला काही दिसत नाही. बोटीचा नांगर केल्पमध्ये टाकू नका, वाळूत टाका.

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: किती क्षेत्र तपासलं, किती माणसं किती मिनिटं पाण्यात होती, किती झाडं काढली, आणि त्यातल्या किती झाडांना पिकलेली झालर होती. शेवटचा आकडा तुमचा खरा मापदंड. एकूण झाडं पाण्याच्या तापमानानुसार वर्षागणिक कमी-जास्त होतात, त्यावरून काही कळत नाही. पण पिकलेल्या झालरींचं प्रमाण शून्याकडे राहिलं तर बियाणं भरलं जात नाहीये. ते वाढलं तर फेऱ्यांमधलं अंतर कमी करा किंवा क्षेत्र आवरतं घ्या. एकही झाड न सापडलेल्या फेरीचीही नोंद हवी. आणि शेजारचा, तसाच दिसणारा एक तुकडा हात न लावता ठेवा. तो नसेल तर तीन वर्षांनी झालेला बदल तुमच्या कामामुळे की उन्हाळ्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता खडकापासून वर, धक्क्याकडे बघा. तरंगते धक्के, नांगरणीचे दोर, बोया आणि बोटींची बुडं ही उंडारियाची आवडती जागा: उजेड भरपूर, चरणारे अर्चिन तिथे पोहोचत नाहीत, स्थानिक केल्पची स्पर्धा नाही. बीजाणू स्वतः फार लांब जात नाहीत, बहुतेक काही मीटरांतच बसतात. तुटून वाहणारं झालरीसकट झाड त्याहून बरंच लांब जातं. पण शेकडो किलोमीटरची उडी माणूस घडवतो. फ्रान्समध्ये ते 1971 च्या सुमारास ‘तो’ (Thau) नावाच्या खाजणात पॅसिफिक कालवांच्या आयातीबरोबर आलं. न्यूझीलंडमध्ये 1987 मध्ये वेलिंग्टन बंदरात दिसलं, टास्मानियात 1988 मध्ये, आणि दोन्हीकडे संशय आशियातून येणाऱ्या जहाजांवर आहे. व्हिक्टोरिया या मेलबर्नच्या राज्यातही पोर्ट फिलिपनंतर ते 2009 मध्ये अपोलो बेच्या बंदरात सापडलं. तुमच्या खडकापासून शंभर मीटरवर शेवाळाने भरलेला तरंगता धक्का असेल तर आधी त्याच्या मालकाशी बोला. त्याला हात न लावता खडक साफ करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

बोट असणाऱ्यांनी बुडाला शेवाळरोधी रंग वेळेवर द्यावा, आणि बूड पाण्यात नाही तर वर काढून, धुतलेलं पाणी समुद्रात जाणार नाही अशा जागी धुवावं. जास्त धोका महिनोन्महिने बांधून ठेवलेल्या संथ यॉटचा असतो. रंग पोहोचत नाही अशा जागा तपासा: सुकाणूची सांध, कीलचा, म्हणजे बुडाच्या मधल्या कण्याचा, तळ, रंगवताना बोट ज्या ठोकळ्यांवर टेकली होती तिथले चौकोन, पाणी खेचण्याच्या जाळ्या. दोर आणि डायव्हिंगचं सामान नुसतं वाळल्यासारखं दिसणं पुरेसं नाही. कोरड्या हवेत गॅमेटोफाइट एक ते तीन दिवसांत मरतात, पण दमट, गुंडाळून ठेवलेल्या दोरात आठ आठवड्यांपर्यंत टिकू शकतात. गोड्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा, किंवा गरम पाणी वापरा: 35 अंशांना 10 मिनिटं, 45 अंशांना 45 सेकंद, 55 अंशांना 5 सेकंद पुरतात. मापाचा थर्मामीटर वापरा, हाताला ‘गरम’ लागणं हे माप नव्हे. सूट जाड असेल तर आतल्या घड्यांपर्यंत तेवढं तापमान पोहोचायला जास्त वेळ द्या.

समूळ नाश कधी जमतो याचं एक खरं उदाहरण द्यायलाच हवं. 2000 मध्ये न्यूझीलंडच्या पूर्वेला चॅटम बेटांजवळ ‘सीफ्रेश 1’ ही मासेमारी बोट बुडाली. तिच्या बुडावर उंडारिया होतं आणि बेटांवर तोवर ते नव्हतं. डायव्हरांनी प्लायवूडच्या पेट्या चुंबकांनी बुडावर चिकटवल्या, आत विजेच्या हीटरने पाणी 70 अंशांवर नेऊन दहा मिनिटं धरलं, मग पेटी पुढे सरकवली. जिथे पेटी बसत नव्हती तिथे पाण्याखाली चालणारी, ज्योत फेकणारी टॉर्च वापरली. नंतर तीन वर्षं पाहणी झाली आणि शेवाळ परत आलं नाही. हे जमलं कारण एकच लोखंडी पृष्ठभाग होता, आजूबाजूला दुसरा साठा नव्हता, आणि गॅमेटोफाइटसकट सगळं मारता आलं. न्यूझीलंडच्याच फियोर्डलँड भागातल्या ब्रेकसी साउंड या खाडीत 2010 मध्ये नांगरणीच्या दोरावर एक पिकलेलं झाड सापडलं, तेव्हाही लगेच दोर काढले, दर महिन्याला डायव्हर उतरवले. पण तिथे नैसर्गिक कड्यांवर बीजाणू आधीच पोहोचले होते आणि काम वर्षानुवर्षं चाललं. म्हणून उपसागराबाहेर, नव्या ठिकाणी उंडारिया दिसलं तर स्वतः उपटू नका: फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, खोली घ्या आणि त्याच दिवशी राज्याच्या सागरी कीड विभागाला कळवा. पोर्ट फिलिपच्या आत शंभरावं झाड काढण्यापेक्षा बाहेरचं पहिलं झाड कळवणं जास्त उपयोगी.

शेवाळ वेगळं असेल तर पद्धतही वेगळी. कॉलर्पा प्रकारची हिरवी परकी शेवाळं तुकड्यांतून वाढतात. ओढलं, तुटलं, वाहिलं की नवी वसाहत. कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादच्या खाजणात 2000 मध्ये सापडलेल्या कॉलर्पा टॅक्सिफोलियाला म्हणूनच कोणी उपटलं नाही. काळ्या ताडपत्रीखाली कोंडून आत क्लोरीन सोडलं, आणि 2006 मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं. न्यूझीलंडच्या ग्रेट बॅरियर बेटाजवळ 2021 मध्ये सापडलेलं परकं कॉलर्पाही याच जातकुळीचं, आणि तिथे नांगर टाकण्यावर निर्बंध आले ते याच कारणाने. नाव पक्कं झाल्याशिवाय पहिलं पानही ओढू नका.

खाण्याबद्दल: वाकामे खाण्यासारखं आहे, पण बंदराच्या पाण्यातलं खाऊ नका, बोटींच्या रंगातलं तांबं आणि शहराचं सांडपाणी तिथेच असतं. न्यूझीलंडने 2010 पासून आधीच बाधित असलेल्या काही भागांत शेतीला वाट दिली, पण नैसर्गिक खडकांवरून व्यापारी तोडणीला नाही, कारण तोडणीत स्थानिक शेवाळ मोडलं की मोकळी जागा वाढते.

कोकणाचं म्हणाल तर उंडारिया तिथे राहू शकत नाही. मोठी झाडं वीस-बावीस अंशांच्या वर झडू लागतात आणि आपल्या किनाऱ्यावरचं पाणी हिवाळ्यातही त्याहून गरम असतं. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर दिसणारं सारगॅसम आणि कॉलर्पाच्या बऱ्याच जाती इथल्याच आहेत, त्या उपटायच्या नाहीत. भारतातलं खरं उदाहरण गरम पाण्याचं आहे: शेतीसाठी आणलेलं कॅपाफायकस अल्वारेझी 2008 मध्ये मन्नारच्या आखातात क्रुसडाई बेटाच्या प्रवाळांवर पसरलेलं सापडलं. तेही तुकड्यांतून वाढतं, त्यामुळे तिथे उंडारियाची उपटण्याची रीत नव्हे, कॉलर्पासाठी लागते तशी काळजी घ्यावी लागते: प्रत्येक तुकडा पाण्यातच पिशवीत बंद करायचा आणि पकड प्रवाळापासून सोडवताना एकही फांदी सुटू द्यायची नाही.